जिओटेक्स्टाइल बॅग चोक होते, पाणी सुटत नाही: बेंटोनाइटच्या साइटवर दोष कुठे शोधायचा

पायलिंगच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल काँक्रीटचे खांब ओतायच्या, साइटवर ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. वाया गेलेली बेंटोनाइट स्लरी (बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं पाण्यातलं मिश्रण) पाणी निथळून माती उरावी म्हणून पंपाने जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या दणकट कापडाच्या, बॅगेत भरायला घेतात. पहिला अर्धा-पाऊण तास कापडातून गढूळ पाणी धो धो वाहतं, मग मंदावतं, आणि त्यानंतर बॅग टम्म फुगून पडून राहते. थेंब पडत नाही. "बॅग चोक झाली" म्हणून दुसरी उघडतात, तिचंही तेच होतं. मग सप्लायर जास्त उघड्या विणीचं कापड सुचवतो. त्यातून गढूळ पाणी आणखी जोरात जातं आणि शेवटी तीही बॅग बंद पडते.

बहुतेक वेळा कापडात काहीच दोष नसतो. स्लरी फुटलेली नसते, म्हणजे माती आणि पाणी वेगळं झालेलं नसतं, आणि तशीच ती बॅगेत जाते. आधी गढूळ पाणी येणं आणि नंतर पाणीच न येणं या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी दोन्हींचं मूळ हेच आहे.

कापड का गाळू शकत नाही

विणलेल्या पॉलिप्रॉपिलीन जिओटेक्स्टाइलची छिद्रं साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटरची असतात. बेंटोनाइटचा कण २ मायक्रॉनहून लहान. छिद्र कणापेक्षा शंभरपटीहून मोठं असल्यावर कापड त्याला अडवणार कसं? सुरुवातीला तो थेट बाहेर जातो, आणि तेच ते गढूळ पाणी. वाळू-पोयटा मात्र आत अडकतो, त्याच्या फटींत बेंटोनाइट भरतं आणि कापडाच्या आतल्या बाजूला गुळगुळीत, तेलकट दिसणारा थर बसतो. तिथून पुढे पाणी सुटायचं थांबतं.

यात नवल काही नाही. बोअरची, म्हणजे खांबासाठी खोदलेल्या भोकाची, भिंत कोसळू नये म्हणून आपण बेंटोनाइट वापरतो ते याच गुणासाठी: भिंतीवर पातळ थर धरायचा आणि पाणी अडवायचं. बोअरमध्ये हवं असलेलं काम ते बॅगेतही इमानाने करतं. हा गुण आधी मोडायला हवा. दूध फडक्यात बांधून टांगलं तर चक्का मिळत नाही, आधी विरजण लावून दही व्हावं लागतं. बॅग म्हणजे ते फडकं, आणि विरजणाचं काम रसायनाचं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा सरोवराचा गाळ २०१२ ते २०१४ या काळात उपसला, तेव्हा सुमारे १७ लाख घनमीटर गाळ अशाच जिओटेक्स्टाइल ट्यूबमध्ये निथळवला. तिथेही गाळ ट्यूबमध्ये जाण्याआधी त्यात पॉलिमर, म्हणजे कणांना गुठळीत बांधणारं लांब साखळीचं रसायन, मिसळत होते. आपल्याकडे अनेकांना जिओट्यूब माहीत असते ती ओडिशातल्या पेंठा किनाऱ्यावरच्या बांधामुळे. पण त्या ट्यूब वाळूने भरलेल्या आहेत, आणि वाळूचं पाणी आपोआप सुटतं. तो अनुभव बेंटोनाइटला लावता येत नाही.

पहिली तपासणी: दोन बीकर आणि कापडाचा तुकडा

पंप बंद करा आणि खड्ड्यातली स्लरी बादलीत घ्या, ढवळून, फक्त वरचं पाणी नको. साइटवर मड बॅलन्स (स्लरीची घनता मोजायचा तराजू) असतोच, त्यावर घनता मोजा. पीएच बघा. हे दोन आकडे हातात नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

घनता १.०५ आली तर वजनाने साधारण ७.६ टक्के घन पदार्थ आहेत असं धरा (कणांचं विशिष्ट गुरुत्व २.६५ धरून). म्हणजे १०० घनमीटर स्लरीत कोरडा माल जेमतेम ८ टन, बाकी पाणी. हाच माल ४० टक्के घन होईपर्यंत निथळला तर १०० घनमीटरचे १५ घनमीटर उरतात आणि वजन २० टन. दहा हजार लिटरचे दहा टँकर पाठवण्याऐवजी दोन डंपर माती. कामाचा सगळा फायदा या आकड्यात आहे, म्हणून बॅग नीट चालावी यासाठी एक दिवस थांबलं तरी चालतं.

घनता १.१० च्या वर असेल तर रसायन घालण्याआधी स्लरी पातळ करा. जाड स्लरीत पॉलिमर पसरतच नाही. जिथे पडतो तिथेच गोळा होतो आणि बाकीचा माल कोरा राहतो. पातळ करायला नवं पाणी कशाला, बॅगेतून निथळलेलं पाणीच परत वापरा.

आता जार टेस्ट, म्हणजे किती पॉलिमर लागतो याची बीकरमधली चाचणी. पॉलिमरचं ०.२ टक्के द्रावण करा: एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम पावडर. ५०० मिलिलिटर स्लरी बीकरमध्ये घ्या. घनता १.०५ असेल तर त्यात ४० ग्रॅम घन माल असतो, म्हणून सिरिंजने २० मिलिलिटर द्रावण घातलं की डोस कोरड्या टनाला १ किलो झाला, ४० मिलिलिटर म्हणजे २ किलो. असा हिशोब डोक्यात बसला की मोठ्या आकड्यांची भीती राहत नाही.

द्रावण घातल्यावर काचेच्या कांडीने जोरात घुसळू नका. एका बीकरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असं सात-आठ वेळा ओता. ओतताना नीट बघा. डोस कमी असेल तर स्लरी नुसती जराशी रवाळ होते आणि मधलं पाणी दुधाळच राहतं. डोस बरोबर असेल तेव्हा एका क्षणी बीकर बदलतो: मसुराएवढ्या गुठळ्या सुट्या होतात आणि त्यांच्यामधून स्वच्छ पाणी दिसतं, इतकं की बीकरमागे धरलेलं बोट दिसावं. डोस जास्त झाला तर गुठळ्या चिकट, तारा सुटलेल्या होतात, काचेला धरतात. हा जादा पॉलिमर कापडालाही धरतो. "पाणी सुटत नाही, अजून पॉलिमर घाला" या हुकमाने चांगल्या चालणाऱ्या बॅगाही बंद पडतात.

शेवटची पायरी बरेच जण सोडतात. बॅगेच्याच कापडाचा तुकडा गाळणीवर ठेवून ते मिश्रण त्यावर ओता. पाणी झरझर निघालं, स्वच्छ निघालं, आणि राहिलेला लगदा कापड उलटं केल्यावर सुटून पडला, तर बॅग चालेल. लगदा कापडाला चिकटून राहिला तर बीकर कितीही सुंदर दिसत असला तरी बॅग चालणार नाही.

एकटा पॉलिमर पुरत नाही तेव्हा

साइटवर सहज मिळतो तो अ‍ॅनायनिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. बेंटोनाइटच्या कणांवर ऋण भार, या पॉलिमरवरही ऋण भार. ताज्या, स्वच्छ बेंटोनाइटला तो म्हणूनच नीट पकडत नाही. आधी कॅल्शियम द्यावं लागतं, जिप्सम किंवा चुन्यातून. बेंटोनाइटमधल्या सोडियमची जागा कॅल्शियम घेतं, फुगलेले पापुद्रे जवळ येतात, आणि मग पॉलिमर त्यांना एकत्र बांधतो. क्रम उलटा केला तर दोन्ही वाया जातात.

जिप्सम की चुना? मी जिप्सम निवडेन. चुन्याने पीएच १२ च्या पुढे जातो आणि निथळलेल्या पाण्याचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो.

तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालून काही झालं नाही, असं सांगणारेही भेटतात. पीएच विचारला की उत्तर ११ येतं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तटस्थाच्या आसपासच्या पीएचला गुठळी धरतं, अतिअल्कधर्मी पाण्यात ते विरघळून राहतं. अशा स्लरीला तुरटीची पोतीच्या पोती ओतली तर बराचसा माल नुसता पीएच खाली आणण्यात जातो.

ट्रेमीने (बोअरच्या तळापर्यंत सोडलेल्या पाइपने) काँक्रीट ओतताना वर येणारी स्लरी वेगळी ठेवता आली तर फार बरं. तिच्यात सिमेंट मिसळलेलं असतं, म्हणजे कॅल्शियम आधीच आहे. ती स्वतःहून अर्धी फुटलेली, जाडसर असते आणि तिला बहुधा एकटा पॉलिमर पुरतो. ताजी आणि सिमेंटची स्लरी एकाच खड्ड्यात सोडली की रोजचा डोस बदलत राहतो. सकाळची जार टेस्ट दुपारी लागू पडत नाही ती यामुळेच.

नवी मुंबईकडे, शिवडी-वडाळ्याकडे, खाडीच्या काठच्या सागरी चिकणमातीत बोअर असेल तर खारं पाणी स्लरीत उतरतं. मीठही बेंटोनाइटला फोडतं, पण त्याच खाऱ्या पाण्यात पॉलिमरचं द्रावण केलं तर पॉलिमरची साखळी उलगडत नाही आणि दुप्पट माल लागतो. पॉलिमरसाठी गोडं पाणी वापरा, निदान त्या टाकीपुरतं.

आणि काही रिगवर (बोअर पाडायच्या यंत्रावर) बेंटोनाइट नसतंच, त्याऐवजी पॉलिमरचंच द्रावण, म्हणजे पॉलिमर मड असतो. तिथे वरचा सगळा उपाय गैरलागू. त्या मडाची साखळी आधी हायपोक्लोराइटने तोडावी लागते. रिगवाल्याला विचारल्याशिवाय रसायन मागवू नका.

बीकरमध्ये छान, बॅगेत खराब

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा, कारण इथला दोष डोळ्यांना दिसत नाही.

बॅगेच्या तोंडाशी, शेवटच्या पाइपवर, अर्ध्या इंचाचा एक नळ बसवा. पंप चालू असताना त्यातून बीकरभर माल घ्या आणि तो जार टेस्टच्या बीकरशेजारी ठेवा. नळाच्या बीकरमध्ये गुठळ्या दिसल्याच पाहिजेत. त्या नसतील तर बॅगेकडे बघायचं कारणच नाही, दोष मागे आहे.

मागे जाताना प्रथम डोसिंग पंप बघा. वरच्या हिशोबात समजा जार टेस्टने ३ किलो प्रति टन सांगितलं. ५०० मिलिलिटरला ६० मिलिलिटर द्रावण, म्हणजे स्लरीच्या १२ टक्के. स्लरीचा पंप तासाला ३० घनमीटर टाकत असेल तर पॉलिमरचं द्रावण तासाला ३,६०० लिटर जायला हवं, मिनिटाला ६० लिटर. साइटवर लावलेला डोसिंग पंप पुष्कळदा पाणी शुद्धीकरणाच्या प्लँटमधला असतो, तासाला पन्नास-शंभर लिटरचा. नळी चालू दिसते, टाकी हळूहळू रिकामी होते, सगळ्यांना वाटतं डोस चाललाय. तो गरजेच्या तीन टक्केही नसतो. इथे स्क्रू पंप लागतो, आणि १०० घनमीटर स्लरीसाठी १२,००० लिटर द्रावणाची सोय. जागा नसेल तर स्लरीचा पंप हळू चालवा, दुसरा मार्ग नाही.

दुसरं, डोस कुठे पडतो. पॉलिमर पंपाच्या आधी, खड्ड्यातच ओतला तर सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा गुठळ्यांचा चुरा करतो, आणि एकदा तुटलेली गुठळी पूर्वीसारखी बांधली जात नाही. जिप्सम खड्ड्यात चालेल, पॉलिमर पंपाच्या पुढे, दाबाच्या पाइपवर. तिथून बॅगेपर्यंत पाइपला काही बाक द्या म्हणजे मिसळायला वाव मिळतो. पण पॉलिमरनंतर अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह ठेवू नका, त्या चिरेतही गुठळ्या कापल्या जातात. प्रवाह कमी करायचा तर पॉलिमरच्या आधी करा.

तिसरं, द्रावण कसं केलं. पावडर एकदम ओतली की वरून चिकट आणि आतून कोरडे राहिलेले गोळे होतात. ते विरघळत नाहीत, कापडाला मात्र चिकटतात. पाणी फिरत असताना चिमटीचिमटीने सोडा आणि हळू ढवळत पाऊण-एक तास मुरू द्या. पॉलिमर सांडलेली जमीन ओली झाली की भयंकर निसरडी होते. तिथे लगेच वाळू किंवा माती टाका, पाणी मारू नका.

भरण्याची पद्धत

बॅग एका दमात भरत नाहीत. उंचीच्या मर्यादेपर्यंत भरायची, थांबायचं, खाली बसली की पुन्हा भरायची. प्रत्येक वेळी बसायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, तो दोष नव्हे. विणलेल्या कापडावर बाहेरून मऊ झाडू फिरवला तर छिद्रांवर वाळलेला साका निघतो आणि पाणी थोडं वाढतं.

सळईने भोकं पाडणं मात्र बंद करा. पाणी सुटत नाही म्हणून फोरमन बॅगेला सळई खुपसतो हे बऱ्याच साइटवर चालतं. दाबाखालच्या कापडाला पडलेलं भोक तिथे थांबत नाही.

उंचीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात माणसं दबू शकतात. बॅगेवर किंवा कागदपत्रांत कमाल उंची दिलेली असते. कापडातला ताण उंचीच्या वर्गाने वाढतो: २ मीटरची मर्यादा असलेली बॅग २.४ मीटरपर्यंत फुगवली तर ताण निदान ४४ टक्क्यांनी चढतो. कापड तो सोसेलही, शिवण सोसत नाही, ती नेहमी कापडापेक्षा कमकुवत असते. बॅगेशेजारी एक खुणेची काठी रोवा, तिच्यावर लाल रेघ मारा, आणि रेघेला पोचल्यावर पंप बंद करण्याचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या मजुराला द्या, इंजिनियरला फोन लागेपर्यंत थांबायचं नाही. भरताना बॅगेवर कोणी चढायचं नाही, आणि शिवणीसमोर किंवा उताराच्या बाजूला कोणी बसायचं नाही, सावली असली तरी.

खालची जागा आडवी सपाट हवी. लांबीच्या दिशेने अगदी थोडा, एक टक्क्याच्या आतला उतार पाण्यासाठी चालतो. आडव्या दिशेने उतार असला तर भरलेली बॅग लोळते आणि शेकडो टन वजनाची बॅग लोळायला लागली की थांबवता येत नाही. खाली जाड प्लास्टिक, त्यावर खडीचा थर, भोवती बांध, कोपऱ्यात सम्प (निथळलेलं पाणी गोळा व्हायची जागा). खडी नसली तर बॅगेचा तळ प्लास्टिकवर चिकटतो आणि खालच्या बाजूने पाणी निघतच नाही.

सुटलेलं पाणी

पहिल्या काही मिनिटांचं पाणी गढूळ असतंच. ते सम्पमधून परत खड्ड्यात घ्या. नंतरही गढूळ राहिलं तर नळाच्या बीकरकडे परत जा.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे सोडण्याजोगं झालं असं नाही. केंद्राच्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ मध्ये लागतो. सार्वजनिक मलवाहिनीसाठी घन पदार्थांची मर्यादा ६०० आहे, पीएचची तीच. सिमेंट मिसळलेल्या स्लरीचं पाणी काचेसारखं नितळ असून पीएच १२ चं असू शकतं, आणि त्या पाण्यात मासा जगत नाही. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून पीएच उतरवणं सगळ्यात सुरक्षित, आम्ल ओतताना प्रमाण सहज चुकतं. कॅटायनिक (धन भाराचा) पॉलिमर वापरत असाल तर जादा डोस माशांच्या कल्ल्यांना घातक असतो, तिथे हात आखडाच. रात्री टँकर नाल्यात मोकळे होतात हे पायलिंगमधल्या कुणाला सांगायला नको. ते पाणी खाडीत जातं, आणि खाडीवर जगणारे कोळी आपल्याच शहरात राहतात.

पाऊस

बॅगेतला नीट फुटलेला माल पावसाने पुन्हा स्लरी होत नाही. त्रास होतो तो प्लास्टिक अंथरलेल्या जागेचा. ३०० चौरस मीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३० घनमीटर पाणी, आणि मुंबईत एका दिवसात एवढा पाऊस नवलाचा नाही. सम्पचा पंप या पाण्याच्या हिशोबाने घ्या. जोराच्या पावसात भरणं थांबवा.

इतकं करूनही नाहीच जमलं तर

गिरगाव-दादरच्या प्लॉटसारखी जागा असेल, जिथे रिग वळवायलाच मारामार, तिथे बॅगेचा हट्ट धरू नका. डिकँटर सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र) किंवा फिल्टर प्रेस (दाबून पाणी काढणारं यंत्र) भाड्याने घ्या. रसायनाचं गणित तिथेही हेच आहे. आणि स्लरी अजून वापरण्याजोगी असेल तर ती बॅगेत घालूच नका, डिसँडरमधून (स्लरीतली वाळू वेगळी करणाऱ्या यंत्रातून) वाळू काढून पुन्हा बोअरमध्ये न्या.

बॅग कापायची घाईही नको. वरून घट्ट लागली तरी मधला गाभा ओला असतो. कापण्याआधी भरायच्या तोंडातून पाइपचा तुकडा खोल घालून नमुना काढा, कढईत वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन करा. १०० ग्रॅमचे ४० ग्रॅम उरले तर फावड्याने उचलता येतो. २५-३० उरले तर डंपरच्या फाळक्यातून रस्त्यावर गळेल. अशी बॅग अजून काही दिवस ठेवा, किंवा कापून कोरड्या खोदमातीत मिसळा आणि मगच भरा.